नवी नौका, जुना न्याय

गडचांदूरला समुद्र नाही. येथे सिमेंटची धूळ आहे आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर जगणारा कामगार आहे. यंत्र जितके नवे तितकी नोकरी कच्ची, हा धडा त्याला कोणी शिकवावा लागत नाही. म्हणूनच मुंबई हायच्या कामगाराची कहाणी त्याने आपली मानली पाहिजे.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेल शोधले. तेव्हापासून तेलफलाटांना माणसे व माल पुरविणाऱ्या साहाय्यक नौकांचे तंत्र फार पुढे गेले आहे. आज संगणक वारा आणि प्रवाह मोजतो, पंखे फिरवितो आणि नांगर न टाकता नौका जागच्या जागी रोखून धरतो. लाटांचे हेलकावे जिरविणारे पूल निघाले असून त्यांवरून माणूस फलाटावर चालत जातो. या बुद्धिवैभवाला आमचा विरोध नाही. ते मानवी श्रमाचेच फळ आहे. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या पदरात पडते?

२७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ ही साहाय्यक नौका एका जखमीला उतरविण्यासाठी मुंबई हाय नॉर्थ फलाटाजवळ गेली आणि वायूच्या नळावर आदळली. आगीत २२ जणांचा बळी गेला. नौकेवर आधुनिक यंत्रणा होती. नळांना मात्र पुरेसे कवच नव्हते.

पुढे १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे राहत होती आणि त्याला स्वतःचे इंजिनच नव्हते! हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते. तरीही माणसे नांगरांच्या भरवशावर समुद्रातच राहिली. हा बार्ज आणि ‘वरप्रदा’ टग मिळून ८६ जण प्राणास मुकले.

ही निसर्गाची करणी, असे सांगून हात झटकले जातात. वादळ निसर्गाचे खरे. पण बिनइंजिनाच्या बार्जवर माणसे ठेवण्याचा निर्णय निसर्गाने घेतला नव्हता. ज्याचा एक दिवस बुडाला तर हिशेब मांडला जातो ते यंत्र महाग, आणि ज्याच्या जागी उद्या दुसरा मिळतो तो कंत्राटी कामगार स्वस्त, हा त्यामागचा न्याय आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. इंजिन नसलेल्या बार्जवर वादळी हंगामात माणसे ठेवू नयेत. इशारा मिळताच त्यांना किनाऱ्यावर आणण्याची जबाबदारी ठेकेदारावर न ढकलता ओएनजीसीने स्वतः घ्यावी. सुरक्षा समितीत कंत्राटी कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत.

साथींनो, गडचांदूरच्या फाटकावर आणि मुंबई हायच्या फलाटावर लढा एकच आहे. शेवटच्या कामगाराला जे सुखरूप घरी पोचवीत नाही, त्याला प्रगती म्हणण्याचे आम्ही नाकारतो.