चित्रं बघायला येतंय कोण?

मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ या १९५४ सालच्या चित्राला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. आमच्या घरी चहाच्या वेळी त्यावर पुष्कळ चर्चा झाली; एवढ्या पैशात काय काय आलं असतं, याचा हिशेबही झाला. त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक होती. वरच्या मजल्यावरचा हॉल निवृत्त चित्रकला शिक्षकांच्या प्रदर्शनाला द्यायचा की साड्यांच्या सेलला, असा विषय होता. मी सेलच्या बाजूने हात वर केला.

सेलवाला चौपट भाडं देतो. त्यातून विजेचं बिल निघतं, पुस्तकांची बांधणी होते. चित्रप्रदर्शनाचं म्हणाल, तर उद्‌घाटनाला नातेवाईक आणि पेढे. दुसऱ्या दिवसापासून चित्रकार एकटाच खुर्चीवर, शेजारी अभिप्रायाची वही. तीत ‘उत्तरोत्तर प्रगती होवो’ असं सत्तरीच्या माणसालाही लिहिलेलं असतं! ‘बघायला येतंय कोण?’ हा खजिनदारांचा प्रश्न मला तेव्हा बिनतोड वाटला होता.

पण तो हात वर केल्याचं मला बोचत राहिलं. कारण हुसेन काही लिलावघरातून वर आले नाहीत. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रूप काढला. १९४९ साली मुंबईत या मंडळींचं प्रदर्शन भरलं ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरच्या दालनात. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा उभीच नव्हती. ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली झाली. त्याआधी केकू गांधी यांच्या फ्रेमच्या दुकानाच्या काचेआड या चित्रकारांची चित्रं लोकांना दिसत. म्हणजे दुकानाची काच, सोसायटीची भिंत, एवढ्यावर हे चित्रकार तगले. आरा तर घरगडी म्हणून राबत चित्रकार झाला. भाडं परवडेल त्यालाच भिंत, असा नियम असता तर त्याला कोणी उभं केलं असतं?

आज जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मुंबईच्या बाहेर तर बहुतेक गावांत चित्रांसाठी भिंतच नाही. आणि गंमत अशी, की याच महाराष्ट्रात लाखो मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात, हे आईबापांनाही ठाऊक असतं. पण ‘ए’ ग्रेड मिळवलेल्या माझ्या पुतणीने छापील पुस्तकाबाहेर, कागदावर रंग सुकून उमटलेली कडा दिसेल असं एखाद्या चित्रकाराचं मूळ चित्र पाहिलंच नव्हतं. पोहण्याची परीक्षा द्यायची आणि पाणी पाहायचं नाही, तसलाच हा प्रकार.

ती कडा तिने अखेर पाहिली ती आमच्या जिन्यात. हॉल सेलला गेल्यामुळे गुरुजींनी आपली जलरंगातली चित्रं जिन्याच्या भिंतीवर लावली. साड्या घ्यायला वर चढणाऱ्या बायका मध्येच थांबू लागल्या. ‘ही आपलीच घाटाची गल्ली ना गं? हा लिंब तोडला नाही का त्यांनी!’ अशी बोलणी मी स्वतः ऐकली. हे श्रेय सेलचं, असं खजिनदार म्हणतात. ते अगदीच खोटंही नाही.

म्हणून मी प्रस्ताव दिला आहे : वर्षातले चार आठवडे हॉल चित्रांना बिनभाड्याने, आणि त्या दिवसांचं विजेचं बिल सेलच्या उत्पन्नातून. पुतणीची शाळा एका दुपारी मुलांना घेऊन यायला तयार आहे. गुरुवारी बैठक आहे. सेलवाल्याने दिवाळीचा ॲडव्हान्स आधीच भरून ठेवला आहे.