बाकाचे श्रेय कोणाचे?

सन २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या टाकाऊ प्लॅस्टिकपासून रॉटरडॅमच्या ‘द न्यू रॉ’ या रचनाकार संस्थेने एक बाक घडविला. लांबी दीड मीटर, प्लॅस्टिक सुमारे ५० किलो. रंधा नाही, साचा नाही. वितळलेल्या प्लॅस्टिकची जाड धार यंत्राने थरावर थर रचीत नेली. पुढे ग्रीसमधील थेस्सलोनिकी शहरी याच संस्थेने यंत्रमानवाच्या हातून उद्यानासाठी आसने करविली. एकाच जातीच्या प्लॅस्टिकची अशी वस्तू झिजल्यावर पुन्हा दळून नवी करता येते, हा तिचा खरा गुण.

परंतु या कथेत यंत्रमानवच नायक ठरावा, हे आम्हांस मान्य नाही. त्याच्या मुखी पडेल ते तो ओततो. भिन्न जातींचे प्लॅस्टिक एकत्र वितळले, तर माल ठिसूळ निघतो, त्यांत पी.व्ही.सी. मिसळले, तर विषारी वाफा सुटतात, ते निराळेच. निवड आधी व्हावी लागते. आमच्या शहरांत ती करतात कचरावेचक भगिनी, उघड्या हातांनी, बहुधा रस्त्याच्या कडेला! भंगाराचा भाव उतरला की त्यांची त्या दिवसाची भाकरी उतरते. पुण्यात त्यांनी ‘स्वच्छ’ ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली; सर्वत्र तेवढेही नाही.

उद्या एखाद्या महापालिकेस असे यंत्र घेण्याचा मोह होईल. (उद्घाटनास ते शोभिवंतही दिसते.) त्या निविदेत वर्गीकृत प्लॅस्टिकचा किमान भाव आणि वर्गीकरणासाठी छप्पर, ही दोन कलमे यंत्राच्या किमतीआधी लिहिली जावीत, अशी आमची मागणी आहे.