शोकाच्या घरी शिरणारे ठक

आपल्या गावात कोणी वारले की अंगणात मंडप उभा राहतो, शेजारी खुर्च्या आणतात, चहा होतो आणि दहा-बारा दिवस घराचे दार बंद होत नाही. ही आपली रीत चांगली आहे. पण उघड्या दारातून कोण आत येतो, हे पाहण्याचे भान त्या घराला त्यावेळी नसते. मृत्यूच्या जाहिरातीत मयताचे नाव, गाव, मुला-नातवंडांची नावे, अंत्ययात्रेची वेळ सारे असते. आता तेच फोटोसह फेसबुकवर जाते. ठकाला याहून अधिक काय हवे?

सर्वांत नेहमीची लबाडी फोनवरची. "बँकेतून बोलतो, वडिलांचे खाते बंद होणार आहे, मोबाइलवर आलेला नंबर सांगा." घरातली वडीलधारी माणसे रडत असतात आणि फोन उचलते चौदा वर्षांचे पोर, कारण फोन त्यालाच कळतो. बँक असा नंबर कधीच विचारत नाही, हे त्या पोराला आजच सांगून ठेवावे. मृत्यूचा दाखला मिळताच घरच्या माणसाने स्वतः शाखेत जाऊन कळवावे. मग खाते रोखले जाते आणि पैसा वारसांसाठी राहतो. काही घरांत कळवण्याआधी कार्डाने पैसे काढून घेण्याची घाई होते. ती घाई बरी नव्हे, भावाभावांतले भांडण तिथूनच सुरू होते.

दुसरा प्रकार अधिक दुःखदायक, कारण तो आपल्या श्रद्धेचा फायदा घेतो. कोणी अनोळखी मनुष्य येऊन हळूच म्हणतो, "तुमच्या बाबांनी माझ्याकडून पन्नास हजार रुपये घेतले होते." मयताच्या जिवावर ऋण राहू नये म्हणून बिचारी विधवा दागिने मोडते. तिने एवढेच म्हणावे: "कागद दाखवा, तेराव्यानंतर नोतेरकडे या." खरा सावकार त्याने रागावणार नाही. आपल्या देशाच्या सिव्हिल कोडप्रमाणे वारसाला वारसा स्वीकारता येतो, नाकारता येतो, किंवा मालमत्ता व कर्ज यांची यादी करून त्या मर्यादेतच स्वीकारता येतो. पण नोतेरला विचारण्याआधीच मयताच्या वस्तू विकायला काढल्या, तर वारसा स्वीकारला असा अर्थ निघू शकतो, आणि मग कर्जही गळ्यात पडते.

जमिनीच्या बाबतीत ठक बहुधा परका नसतो. दहा-वीस पर्चचा तुकडा असतो आणि कोणी पुतण्या मयताने दिलेली प्रोक्युरासियाँ घेऊन येतो. देणारा वारला की तो अधिकारही संपतो. त्या कागदावर मृत्यूनंतर काही विकता येत नाही. सुतकात कोणीही, सख्ख्या दिराने सांगितले तरी, न वाचता सही करू नये. कागद फ्रेंचमध्ये असेल आणि वहिनींना ती येत नसेल, तर वाचून सांगणारा मनुष्य त्यांनी स्वतः निवडावा.

आणि लोंगानिस! तरुण माणूस अपघातात गेला की तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुचवतोच की हा मृत्यू साधा नव्हे, कोणी करणी केली आहे, दुसरा जीव जाण्याआधी उतारा करा. हजारो रुपये जातात, वर शेजाऱ्यावर संशय राहतो तो आयुष्यभर. आपले पुरोहित दक्षिणा घेतात, पण भीती विकत नाहीत. ज्याला भीती विकायची आहे त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे.

विधवा-पेन्शनचा अर्ज सोशल सिक्युरिटी कार्यालयात फुकट होतो. "मी करून देतो" म्हणून पैसे मागणारा दलाल नको. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता पोलिसांत जावे. इंटरनेटवरच्या फसवणुकीसाठी 2018 सालापासून माउकॉर्स ही सरकारी तक्रार-व्यवस्थाही आहे. संदेश व पावत्या मात्र पुसू नयेत.

गावोगावच्या मराठी मंडळींना एक विनंती. मंडप आणि खुर्च्यांची सोय आपण करतोच. त्याबरोबर लिहिता-वाचता येणारा, घराच्या विश्वासातला एक मनुष्य तेराव्यापर्यंत त्या घरी नेमावा. त्याने एक वही ठेवावी, कोण आला, काय मागितले ते लिहावे, आणि फोन आला की तोच उचलावा.