पुन्हा एकदा, सावकाश!

भीमाची गदा दुर्योधनाच्या मांडीवर बसली, हे सर्वांनी पाहिले होते. नाभीखाली प्रहार करू नये, हा गदायुद्धाचा नियम. बलराम नांगर उगारून भीमावर धावला. कृष्णाने त्याला आवरले आणि भीमाच्या प्रतिज्ञेची आठवण करून दिली. म्हणजे गदा कुठे बसली, हा वाद नव्हताच; वाद होता तो तिथे का मारली याचा. वाचकहो, एवढे ध्यानात असू द्या. पुढे लागणार आहे.

घडलेली गोष्ट लगेच पुन्हा दाखवण्याची युक्ती जगापुढे आली ती ७ डिसेंबर १९६३ रोजी. फिलाडेल्फियात अमेरिकेच्या लष्करी आणि नाविक विद्यालयांच्या संघांचा फुटबॉल सामना होता. अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे तो पुढे ढकलला गेला होता. टोनी व्हर्ना या तरुण दिग्दर्शकाने लष्करी संघाच्या खेळाडूची एक गुण मिळवणारी धाव क्षणार्धात दुसऱ्यांदा पडद्यावर आणली. लोक बुचकळ्यात पडू नयेत म्हणून समालोचकाला सांगावे लागले की, लष्कराने पुन्हा गुण मिळवलेला नाही. हे मघाचेच आहे!

क्रिकेटच्या कसोटीत हे यंत्र न्यायाला बसले १९९२ च्या नोव्हेंबरात, डर्बन येथे. आणि पडद्यावर पाहून धावचीत दिला गेलेला पहिला फलंदाज कोण? आपलाच सचिन तेंडुलकर! अवघ्या ११ धावांवर. घरोघर हळहळ झाली असेल. पण तक्रारीला जागा नव्हती. बॅट रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे यंत्राने सांगावे हेच बरे. त्यात पंचाचाही अपमान नाही.

पण यंत्र रेषा पाहते. मन पाहत नाही. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या प्रकरणात हे फार महागात पडले. १९९१ च्या मार्चमध्ये तेथील पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारले. समोर राहणाऱ्या एका गृहस्थाने ते चित्रित केले, आणि साऱ्या देशाने पाहिले. एवढा पुरावा असल्यावर निकाल काय लागणार, हे सांगायला वकील कशाला हवा? परंतु आरोपींच्या वकिलांनी तीच फीत न्यायालयात थांबवून थांबवून, चित्रामागून चित्र अशी दाखवली. मारातला संताप गळून पडला, आणि खाली पडलेल्या माणसाची धडपड प्रतिकारासारखी दिसू लागली. २९ एप्रिल १९९२ रोजी चौघे पोलीस जवळजवळ सर्व आरोपांतून सुटले. शहर पेटले, पन्नासांहून अधिक माणसे दगावली. पुढे १९९३ साली दुसऱ्या खटल्यात त्यांतले दोघे दोषी ठरले. फीत तीच होती, बरे का!

आपल्या संगीत नाटकांतही पुन्हा पाहण्याची, ऐकण्याची हौस होतीच. बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' पडे. पण तो वन्स मोअर दोष काढण्यासाठी नसे, आणि दुसऱ्यांदा येणारे पद पहिल्याची नक्कल नसे. गाणारा जिवंत, ऐकणारा जिवंत. तान नव्याने निघे. यंत्राला हे साधत नाही.

आता हे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आले आहे. खरे म्हणजे मनात ते आधीपासून होतेच! बारा वर्षांपूर्वी कोणाच्या लग्नात कोणाला पाट मिळाला नाही, ती फीत आपण अजून फिरवतो, तीही सावकाश. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात असे आढळले की, तेच कृत्य मंद गतीने दाखवले, तर पाहणाऱ्याला ते अधिक जाणूनबुजून केलेले वाटते. जाऊबाईंच्या त्या एका शब्दात दरवर्षी 'मुद्दाम' थोडे जास्त का दिसते, याचा उलगडा यातून व्हायला हरकत नाही. फीत किती फिरवली, तरी तो शब्द का उच्चारला गेला, हे तीत सापडायचे नाही. ते त्यांनाच विचारायला हवे.

दिवाळीला त्या येतीलच. ती जुनी फीत तेवढी बंद ठेवा, समोर बसा आणि बोला. वन्स मोअर द्यायचाच, तर त्यांच्या चकलीला द्या!