छापील प्रार्थना मनातली नसते?



अमेरिकेत मुलांकडे राहून आलेले आपले वडीलधारे एक तक्रार हमखास करतात. तिथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये सगळं पुस्तकात पाहून वाचतात, मनातून कोणी प्रार्थनाच करत नाही. गेल्या रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी हेच पुन्हा ऐकलं आणि मी गप्प बसलो. आता बोलतो.

‘उपासना संगीत’ उघडून आपण टिळकांचं गीत गातो, तेव्हा ते छापील नसतं का? तरी गळा दाटतोच ना? आणि आपल्या उत्स्फूर्त प्रार्थना तरी कुठे दर वेळी नव्या असतात! कोणते काका ‘स्वर्गीय पित्या’नंतर काय म्हणणार, हे संडे स्कूलची पोरंही सांगतील. काकांचं मन त्यात नसतं असं मी म्हणत नाही. तोच न्याय पुस्तकालाही लावा.

ते पुस्तक, म्हणजे बुक ऑफ कॉमन प्रेयर, १५४९ मध्ये क्रॅन्मर यांच्या हातून इंग्रजीत आलं, ते लॅटिन न कळणाऱ्या सामान्य माणसाला उपासना कळावी म्हणूनच. अमेरिकेत आज १९७९ ची आवृत्ती चालते.

दुसरा आक्षेप, ‘हे तर रोमन!’ झगे, मेणबत्त्या, क्रूसाची खूण. अहो, खूण करायची सक्ती नाही. कित्येक जण करत नाहीत. ‘एपिस्कोपल’ म्हणजे बिशप असलेली मंडळी. ज्या ग्रीक शब्दावरून ते नाव आलं, त्याला आपल्या नव्या करारात ‘अध्यक्ष’ म्हटलंय. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही बिशप आहेत, आणि दोन्ही मंडळ्या एकाच अँग्लिकन कुटुंबातल्या.

शब्दांचं मात्र मान्य. प्रवेशदालनाला ‘नार्थेक्स’ आणि निवडलेल्या पंचमंडळाला ‘वेस्ट्री’ म्हटल्यावर नवा माणूस बिचकणारच. ते त्यांनी सांगायला हवं.

आपण सांगायला हवं होतं ते वेगळंच. आपल्यातल्या एक मावशी सहा महिने लेकीकडे होत्या. दर रविवारी तिथल्या चर्चला गेल्या, पण प्रभुभोजनाला एकदाही उठल्या नाहीत. बाप्तिस्मा कोणत्याही मंडळीत झालेला असला तरी तिथे भाकर आणि प्याला मिळतो. घ्यायचा नसेल, तर हात छातीवर आडवे धरून पुढे जायचं, पाळक आशीर्वाद देतात. हे कळल्यावर मावशी कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “‘ते आपलं नव्हे’, असं इथेच चहाच्या वेळी ऐकलं होतं रे.”