पद्मिनीला ऑइल घालताना

आमची पद्मिनी 1984ची. तीन वर्षांपूर्वी सकाळी सुरू केली की टॅपेटची टकटक ऐकू यायला लागली. टॅपेट सेट करून घेतले, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा टकटक सुरू. शेवटी मिस्त्रींनी इंजिन खोललं आणि एक टॅपेट पुसून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचा सपाट तळ आरशासारखा गुळगुळीत हवा. तो टाकी लावलेल्या जात्यासारखा खडबडीत झाला होता. "ऑइल कुठलं घालता?" त्यांनी विचारलं. दुकानातलं सगळ्यात महागडं, फुल सिंथेटिक, 5डब्ल्यू-30. दोन वर्षं तेच घालत होतो. दुकानदाराने सुचवलं होतं आणि मलाही वाटलं होतं, एवढी वर्षं साथ दिली तिने, तिला चांगलंचुंगलं द्यावं.

म्हणून ज्यांच्या दारात फियाट, पद्मिनी किंवा जुनी ॲम्बॅसिडर उभी आहे त्यांना कळकळीची विनंती आहे: महाग आहे, नवं आहे, एवढ्यावर ऑइल घेऊ नका.

पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन घ्या किंवा ॲम्बॅसिडरचं 1489 सीसीचं, दोन्हींत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि कॅमचं नाक सपाट टॅपेटवर घासत फिरतं. त्या चिंचोळ्या जागेवर इतका दाब येतो की ऑइलचा थर पिळून निघतो आणि लोखंड लोखंडाला भिडतं. तिथे कामी येतं ते ऑइलमध्ये मिसळलेलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग. गॅरेजात त्याला नुसतं झिंक म्हणतात. उष्णतेने आणि दाबाने त्याचा काचेसारखा पातळ लेप धातूवर धरतो. झिजायचं ते लेप झिजतो, टॅपेट वाचतो.

मग नव्या ऑइलमध्ये झिंक कमी का? कारण हाच फॉस्फरस धुराबरोबर बाहेर पडताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतो. म्हणून 2004मध्ये एपीआयचा एसएम दर्जा आला तेव्हा 5डब्ल्यू-30, 10डब्ल्यू-30 अशा पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस 0.08 टक्क्यांच्या वर जाता कामा नये असं ठरलं. नव्या इंजिनांना तेवढा पुरतो, त्यांची घडण वेगळी. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला 1995मध्ये. आमच्या गाडीला तो नाहीच, मग त्याच्यासाठी टॅपेटने का झिजावं?

20डब्ल्यू-40 आणि 20डब्ल्यू-50 या जाड ऑइलना ही वरची मर्यादा लागू नाही. आपल्या हवेत जुन्या इंजिनाला हेच मानवतं. साधं मिनरल घ्या. इंजिन घट्ट असेल तर 40, खूप चाललेलं असेल, गरम झाल्यावर ऑइलचं प्रेशर पडत असेल तर 50. मात्र डब्यावर 20डब्ल्यू-50 छापलं म्हणजे झिंक भरपूर, असं धरून चालू नका. कंपनीकडून त्या ऑइलचा माहितीतक्ता मागवा आणि झिंक 0.10 ते 0.12 टक्के आहे का बघा. वरून झिंकच्या बाटल्या ओतायच्या भानगडीत पडू नका, प्रमाणाबाहेर गेलं तर तेही धातूला बाधतं. आणि सुटं ऑइल कितीही ओळखीचा माणूस देत असला तरी नको.

ॲम्बॅसिडरवाल्यांनी एक पाहावं. तुमच्या गाडीत इसुझूचं 1800 सीसीचं इंजिन असेल तर त्याचा कॅम वर हेडमध्ये आहे, हा हिशेब त्याला जसाच्या तसा लावू नका.

इंजिनाचं काम करून नवा कॅम बसवला असेल तर पहिली वीस मिनिटं सगळ्यात नाजूक. गाडी नुसती स्लो रेसवर ठेवू नका, 2000 आरपीएमच्या आसपास चालू ठेवा. कॅमला ऑइल मिळतं ते मुख्यतः फिरत्या क्रँकच्या उडवण्यातून, आणि हळू फिरणारा क्रँक पुरेसं उडवत नाही.

गाडी फारशी बाहेर निघत नसेल तर किलोमीटर मोजत बसू नका, वर्षातून एकदा ऑइल बदलाच. रोज पाच मिनिटं जागच्या जागी सुरू करून बंद करणं हे तर इंजिनाचं नुकसान आहे. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघा. ताकावर आलेल्या लोण्यासारखा पिवळट फेस दिसला तर ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी. इंजिन पुरतं तापलंच नाही तर ते उडून कसं जाणार? महिन्यातून दोनदा तरी अर्धा तास रस्त्यावर काढा. एवढं फिरवूनही फेस येत राहिला तर हेडचं पॅकिंग तपासून घ्या.

ऑइल बदलायला दसऱ्याच्या आधीचे दिवस चांगले. पावसाची ओल संपलेली असते आणि गाडी तशीही धुवायला काढतोच आपण. आधी एक फेरी मारून इंजिन गरम करा, मग चेंबरचा नट सोडा, म्हणजे तळाचा गाळही वाहून येईल. फिल्टर त्याच वेळी बदला. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या पिंपात नेऊन द्या.