लेखणीचा जमाखर्च

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील जुन्या मराठी घरांना सीमा ही काही नवी गोष्ट नाही. निजामाच्या अमदानीत करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे, ही आठवण आजोबांकडून ऐकलेली माणसे अजून आपल्यात आहेत. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तोवर बिदर जिल्ह्यातच असलेले तालुके मराठवाड्यासह मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि पलीकडचे आळंद म्हैसूर राज्यात राहिले. लेकी दिल्या होत्या तेथेच नांदल्या, कुलदैवते होती तेथेच राहिली. मधून रेषा तेवढी गेली.

या घरांतील आजची पिढी जो माल रेषेपलीकडे धाडते, त्यास गाठोडे लागत नाही. कोणी भालकीत बसून पुण्याच्या प्रकाशकासाठी कन्नड कादंबरीचे मराठी करते, कोणी आळंदहून सोलापूरच्या छापखान्याची मुद्रिते तपासतो, कोणी निजामकालीन उर्दू दस्तऐवज वकिलांसाठी मराठीत उतरवून देतो. तीन-चार भाषा कानावरून गेलेल्या या प्रदेशाला हे काम जन्मजात साधते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, लागू झाला आणि राज्यांच्या हद्दीवरील तपासणी नाके उठले. परंतु हद्द उठली असे मात्र नव्हे. ती रस्त्यावरून निघाली आणि बिलाच्या कागदावर येऊन बसली. तो कागद वाचावयास आपण शिकलो आहोत काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आमच्या पाहण्यात दोन प्रकारची माणसे येतात. काही जण कराचे नाव निघताच दचकतात आणि परराज्यातील काम हातचे सोडतात. दुसरे म्हणतात, ‘आम्ही सरस्वतीचे उपासक, आम्हांस कसला कर?’ हे दोघेही कायदा न वाचताच निकाल देतात, आणि नुकसान दोघांचेही होते.

मूळ नियम अवघड नाही. सेवा देणाऱ्याची एका आर्थिक वर्षातील एकूण उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल, तर त्याने नोंदणी करण्याची सामान्यतः गरज नाही. कर्नाटकात केवळ वस्तू विकणाऱ्यास ही मर्यादा 40 लाखांची आहे; भाषांतरकाराने तो आकडा आपला समजू नये. उलाढाल म्हणजे खर्च वजा जाता उरलेला नफा नव्हे, तर केलेल्या कामाचे एकंदर मोल. तीही एका पॅनवरची, सबंध देशातली. वडिलोपार्जित दुकानाचे भाडे आपल्या नावाने येत असेल, तर तेही याच बेरजेत धरावयाचे. जुन्या घरांतून ही गोष्ट हमखास विसरली जाते.

सीमेवरच्या माणसाला खरी भीती असते ती परराज्याची. मूळ कायद्याने परराज्यात करपात्र पुरवठा करणाऱ्यास उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची केली होती. ती अट तशीच राहती, तर भालकीच्या भाषांतरकारास पुण्याचे पाच हजारांचे कामही जड गेले असते. परंतु 13 ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेने सेवा देणाऱ्यांना या सक्तीतून मोकळे केले. 20 लाखांच्या आत असणाऱ्यास आता राज्याच्या हद्दीची आडकाठी नाही. इतकी वर्षे लोटली, तरी ही सवलत ठाऊक नसलेले लोक आजही भेटतात. ठाऊक नसल्यामुळे काम नाकारणारेही भेटतात. सीमाभागासाठी या एका अधिसूचनेचे मोल फार मोठे आहे.

काही ग्राहक ‘आधी नंबर आणा, मग काम’ असे म्हणतात. येथे थोडा विचार करावा. जाहिरात कंपनीने दिलेला कर तिला पुढे वजा मिळतो, म्हणून तिचा आग्रह समजू शकतो. छापील पुस्तके मात्र करमुक्त आहेत. त्यामुळे केवळ पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकास भाषांतरावर दिलेला कर वजा मिळत नाही, तो त्याच्या अंगावर पडतो. म्हणजे असा नंबर मागणारा प्रकाशक स्वतःचेच काम शेकडा 18 ने महाग करून घेतो, किंवा भाव पाडून तो भार लिहिणाऱ्यावर ढकलतो. स्वेच्छेने नोंदणी करता येते. पण एकदा केली की उलाढाल दोन लाखांची असली तरी पहिल्या रुपयापासून कर लागतो. आणि नोंदणी नसलेल्याने बिलात कर लावून पैसे घेणे हे तर कायद्याने मना आहे.

कलावंतांसाठी कायद्यात वेगळी दालने आहेत, तीही माहीत असावीत. माणिकनगरच्या प्रभूंच्या दरबारात गाण्याची परंपरा जपलेल्या या मुलुखात हे सांगितलेच पाहिजे. लोककला वा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य यांच्या कार्यक्रमाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर हा कर नाही. एखादी व्यक्ती स्वतः घरी गाणे, तबला किंवा नृत्य शिकवीत असेल, तर तेही करमुक्त आहे. शाळेच्या विषयांची शिकवणी मात्र नाही. लेखकाने मूळ साहित्यकृतीचे हक्क प्रकाशकास दिले, तर त्यावरील कर सामान्यतः प्रकाशकाने उलट्या पद्धतीने भरावयाचा असतो.

मर्यादा ओलांडली, की मात्र 30 दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज करावा. भाषांतरावर कर शेकडा 18. पन्नास हजारांच्या बिलावर नऊ हजार. नोंदणीकृत ग्राहक कर्नाटकातलाच असेल, तर साडेचार हजार केंद्राचे व साडेचार हजार राज्याचे. तो पुण्याचा असेल, तर नऊच्या नऊ हजार एकात्मिक कर म्हणून दाखवावयाचे. ग्राहकाच्या नंबराचे पहिले दोन आकडे पाहावेत : कर्नाटकाचे 29, महाराष्ट्राचे 27, तेलंगणाचे 36. तीन राज्यांच्या तिठ्यावर राहणाऱ्याने हे आकडे पाढ्यासारखे पाठ करावेत. लहान व्यावसायिकास विवरणपत्र तिमाही देण्याची सोय आहे, कर मात्र महिन्याच्या महिन्यास भरावा लागतो. काही काम झाले नसले तरी कोरे विवरणपत्र द्यावेच लागते. ते चुकल्यास दिवसाला 20 रुपये, आणि कर देणे असता चुकल्यास 50 रुपये विलंबशुल्क चढते. त्याला कमाल मर्यादा आहे हे खरे; पण आळसाला इतका भाव कशाला द्यावा?

यातील सर्वांत बोचणारी बाब वेगळीच आहे. कर देय होतो तो सामान्यतः बिलाच्या तारखेने, पैसे हाती पडण्याच्या तारखेने नव्हे. मार्चमध्ये बिल दिले आणि रक्कम दिवाळीला आली, तरी कर एप्रिलमध्येच भरावा लागतो. लिहिणाऱ्याचे पैसे थकविणे हे आपल्याकडे पाप मानले जात नाही. नोंदणी केलेल्या माणसाला ते थकविणे म्हणजे त्याच्याकडून न मिळालेल्या पैशांवर कर भरून घेणे आहे. ज्या मराठी संस्था आणि प्रकाशक सीमाभागाविषयी व्यासपीठांवरून कळवळा व्यक्त करतात, त्यांनी निदान बिले वेळेवर चुकवावीत. ठरावांपेक्षा ती सेवा मोठी होईल.

हिशेबाच्या वहीबद्दलही दोन शब्द. जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयने जमा झालेल्या रकमांवरून हजारो लहान विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. भाजी-दूध यांसारखा करमुक्त माल विकणारेही त्यांत सापडले. दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या, आणि अखेर मुख्यमंत्र्यांना व्यापाऱ्यांची बैठक घ्यावी लागली. त्या धांदलीचा धडा लेखणीवाल्यांनाही लागू आहे. खात्यात आलेला प्रत्येक रुपया उत्पन्न नसतो : भावाने पाठविलेले घरखर्चाचे पैसे असतात, मित्राने फेडलेले उसने असते. परंतु हे पटवून द्यावयाचे तर कागद हवा. कामाचे खाते वेगळे, बिलांस ओळीने क्रमांक आणि रोजच्या रोज लिहिलेली कीर्द, एवढी शिस्त पुरे. आपल्या आजोबांच्या वाड्यांत ती शिस्त लाल बासनात बांधलेली होती. आपण वाडे विकले, आणि त्यांबरोबर तीही घालविली.

चालुक्यांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. जो कायदा माणसाच्या घरादाराला लागू होतो, तो त्याला मोजक्या अक्षरांत समजला पाहिजे, हेच त्या नावात आहे. त्या गावाच्या परिसरातील मराठी माणसाने आपल्या पोटापाण्याचा कायदा ‘आपल्याला कळत नाही’ म्हणून सोडून द्यावा, हे शोभत नाही. बिदर-कलबुर्गीतील मराठी मंडळांनी व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ एखाद्या जाणत्या कर-सल्लागारास द्यावी, आणि त्याने हा विषय मराठीतच सांगावा. भाषा जगते ती तिच्यात अंगाई गाता येते म्हणून. तशीच ती जगते तिच्यात बिल करता येते म्हणूनही.